तळ्याचा उलटा फेरा

जून २०२०, महिन्यातला दुसरा सोमवार. सकाळी सहाला पाच कमी. ठिकाण: जळगाव, मेहरूण तळ्याकाठचा फिरायचा रस्ता, कडुनिंबाच्या झाडांकडची बाजू.

हजर: आबा, म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा चार महिन्यांपूर्वी बदललेला, हातात काठी. त्यांच्या मागे सहा फुटांवर मी, हातात घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि वही. आमच्या गल्लीतले कापड दुकानवाले शेठ, गियरच्या नव्या सायकलवर. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी, पळत. गैरहजर: माझे यजमान, अंथरुणात.

वहीत त्या दिवसाखाली एवढी हजेरी आहे आणि पुढे एकच शब्द: 'पडले'. कोण पडलं ते लिहायला तेव्हा सवड झाली नाही. शेठ पडले.

शेठ मागून येत होते. आम्ही दिसताच त्यांनी घंटी वाजवली, दोनदा. मागून घंटी वाजली की माणसाने कडेला व्हावं, अशी शेठची समजूत. मागून घंटी वाजली की थांबावं, वळून बघावं, ओळखीचं कोणी असेल तर दोन शब्द बोलावेत, ही आबांची जन्माची सवय. आबा रस्त्याच्या मधोमध थांबले आणि काठी टेकत सावकाश वळले. नेमकी त्याच वेळी समोरून ती मुलगी पळत आली. तिने आबांना चुकवायला स्वतःच्या उजवीकडे उडी मारली. शेठनी दोघांना चुकवायला स्वतःच्या उजवीकडे हँडल मारलं. समोरासमोरच्या माणसांची उजवी बाजू एक नसते, म्हणून ते दोघे एकमेकांवर आदळले नाहीत. शेठ मात्र सायकलीसकट पाण्याकडेच्या बेशरमीच्या झुडपांत गेले.

"घंटी मारली होती ना मी!" झुडपांतून आवाज आला. मास्क नाकावरून निसटून एका कानाला लोंबत होता.

"घंटी मारी म्हनीसन तं थांबनू," आबा म्हणाले. "माले वाटनं, कोनी बलाई राह्यनं."

घंटी म्हणजे कोणीतरी बोलावतंय, असं त्यांना वाटलं होतं. आबा अमळनेरकडच्या खेड्यातले. पन्नास वर्षं शहरात काढली तरी घाबरले किंवा चिडले की ते अहिराणीवर येतात. त्या सकाळी दोन्ही होतं. मुलीने सहा फुटांवरूनच विचारलं, "आजोबा, लागनं का?" लागलं कोणालाच नव्हतं. शेठच्या कोपराला चिखल आणि सायकलीच्या साखळीत बेशरमीची एक जांभळी फुलं असलेली फांदी, एवढंच नुकसान. पण मी स्टूल उघडून आबांना बसवलं तेव्हा ते पुन्हा पुन्हा मागे वळून रस्ता बघत होते.

"घर चाल, पोरी," ते म्हणाले. आणि घरी आल्यावर काठी दाराच्या मागे ठेवून म्हणाले, "आता नाही जायचं तिकडे."

आता या 'नाही जायचं'ची अडचण सांगते. आबांचा गुडघा फेब्रुवारीत बदलला. मार्चमध्ये सगळं बंद झालं. नवा गुडघा आमच्या हॉलमध्ये फ्रिजपासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून फ्रिजपर्यंत, एवढाच हिंडला. जूनच्या सुरुवातीला सकाळी फिरायची मोकळीक मिळाली, तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले होते, सपाट रस्ता शोधा, रोज अर्धा तास चालवा. आमच्या कॉलनीत चढ, गतिरोधक आणि चार कुत्री. आबांना जमेल असा सपाट रस्ता एकच, तळ्याकाठचा. त्यावर ते मोजून चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी हे झालं.

पुढच्या दिवसांतली त्यांची कारणं मी वहीत लिहून ठेवली आहेत. मंगळवार: आभाळ आलंय. बुधवार: चप्पल चावते. गुरुवार: पाहुणे येतील. (लॉकडाऊनमध्ये! कुठून?) शुक्रवार: कारण सांगितलं नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून झोपले.

शुक्रवारीच मी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, आबांना खुर्चीवर बसवलं आणि पाय जमेल तितका मागे ओढायला लावला. आठ दिवसांपूर्वी पंच्याण्णव अंश वाकत होता. आता ऐंशी. तो आकडा मी डॉक्टरांना कळवला.

"मॅडम, गुडघा आहे, लोणचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ठेवून मुरत नाही. आखडतो. आणखी दहा-पंधरा दिवस असंच चाललं तर दवाखान्यात आणून भूल देऊन वाकवावा लागेल. मला ते आत्ता करायचं नाहीये. तुम्हालाही नसावं."

त्या जूनमध्ये जळगावात म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी तो जून पाहिला त्यांना सांगायला नको. मी वहीत लिहिलं: 'आबा चालले पाहिजेत. मुदत पंधरा दिवस.' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

माझी मोठी नणंद धुळ्याला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता, म्हणून ती रोज फोनवरूनच घर चालवायची.

"चालले का आबा आज?"

"फ्रिजपर्यंत."

"तू परीक्षा विभागात ना गं कॉलेजच्या? हजार पोरं एका छताखाली बसवतेस, एकाची नजर दुसऱ्याच्या पेपरवर जात नाही म्हणून मिरवतेस. आणि एका रस्त्यावर एक म्हातारा, एक सायकल आणि एक पळणारी पोरगी, एवढी तीन माणसं चालवता येईनात?"

"मग तूच सांग कशी चालवायची."

"आमच्याकडे पांझरा नदीकाठी बघ. चालणाऱ्यांनी सायकलींच्या उलट दिशेनं जायचं. सायकल समोरून दिसते. मागून घंटी नको, दचकणं नको. इतकं सोपंय. तुम्हा जळगावच्या लोकांना सगळं अवघड करायची हौस."

टोमणा सोडला तर मुद्दा बिनतोड होता. आबांना भीती मागून येणाऱ्या सायकलीची. सायकल समोरून आली तर ती लांबून दिसेल, आबा कडेला होतील. मी दुपारीच कागद घेतला आणि बैठक व्यवस्था लावावी तशी रस्त्याची व्यवस्था लावली. सायकली: पाणी उजव्या हाताला ठेवून, तळ्याच्या सवयीच्या दिशेने. चालणारे: पाणी डाव्या हाताला ठेवून, त्यांच्या समोरून. पळणारे: चालणाऱ्यांच्याच दिशेने, पण पावणेसहाच्या आत. थांबून गप्पा मारायच्या असतील तर रस्त्याच्या बाहेर, दोघांत सहा फूट. कॉलेजच्या मैदानावर रेघा आखायला वापरतात ती पांढरी फक्की शिपायाकडून पिशवीभर आणली आणि रविवारी सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्यांची बैठक बोलावली.

वीसेक माणसं आली. मी त्यांना एक पायरी सोडून आणि तीन हात अंतरावर बसवलं. इतकी शिस्तीत बसलेली सभा जळगावात क्वचितच होते. शेठही आले होते, कोपराला पट्टी लावून. मी व्यवस्था वाचून दाखवली. कोणाचा काही आक्षेप? कोणी हात वर केला नाही. "एकदम बरोबर," एक जण म्हणाले. "मॅडमनी मनावर घेतलं, हे बरं झालं." टाळ्यासुद्धा वाजल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्याकडे पटलं तर माणसं हुज्जत घालतात. पटलं नाही की मान डोलावतात.

सोमवारी मी साडेपाचला तळ्यावर. फक्कीने मोठाले बाण काढले, झाडाला सूचनेचा कागद बांधला आणि शिट्टी घेऊन घाटापाशी उभी राहिले. सगळ्यांत आधी आले ते निवृत्त तलाठी काका. कागदापाशी थांबले, चष्मा सावरला, शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

"काका, बाण त्या बाजूला आहे."

"हो, तोही सुबक काढलाय," काका म्हणाले, आणि बाणाच्या बरोबर उलट, रोजच्या दिशेने चालू लागले.

त्यांच्या मागून दोन बहिणी, मग बँकेतलं एक जोडपं, मग तुळशीची माळ घातलेल्या एक आजी. प्रत्येकाने कागद वाचला. प्रत्येकाने मला नमस्कार केला. आणि प्रत्येक जण पाणी उजव्या हाताला ठेवून, नेहमीच्याच दिशेने गेला. सायकलीही त्याच दिशेने, त्यांच्या मागून, घंट्या वाजवत. मी बदललेलं काहीच नव्हतं. उलट मधोमध एक बाई शिट्टी घेऊन उभी राहिल्याने वाट तेवढी अरुंद झाली होती.

माझ्या बाणाप्रमाणे जाणारी एकच होती, ती भरतीवाली मुलगी. ती उलट दिशेने झकास पळत होती. दुसऱ्या फेरीला मी तिला थांबवलं.

"तूच एकटी शहाणी निघालीस बघ. कागद वाचलास ना?"

"कोणता कागद, काकू?" तिने धापा टाकत विचारलं. "मी तं रोजच आशी पळस. भरतीना मैदानवर आसंच पळनं पडस ना, डावा हात आतल्या बाजूला."

म्हणजे माझा नियम पाळणारी जी एक होती, तीही मैदानाचा नियम पाळत होती.

मंगळवारी मी अक्षरं मोठी केली. बुधवारी लाल शाईने लिहिलं. बुधवारीच तलाठी काका म्हणाले, "लाल रंग उठून दिसतो," आणि गेले रोजच्या वाटेने. मुदतीतले पाच दिवस संपले होते. कोनमापक अठ्ठ्याहत्तर दाखवत होता.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तणतणत होते. "हजार पोरं ऐकतात माझं. ही वीस माणसं ऐकत नाहीत. शिकलेली माणसं! बाण कळत नाही यांना?"

आबा ओट्याशेजारीच जेवायला बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर लांब करून. म्हणाले, "बाण कोणत्या बाजूचा?"

मी रागारागातच कणकेच्या हाताने ओट्यावर गोल काढला. हे तळं. हा घाट. सायकली अशा. चालणारे असे. आबांनी गोल बघितला. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"पाणी डाव्या हाताला?"

"हो. म्हणजे सायकल समोरून दिसेल."

"अक्कानी सांगं?"

"हो. तिच्याकडे पांझरेकाठी असंच करतात."

"नदीले काठ ऱ्हास. फेरा नई ऱ्हास," आबा म्हणाले. नदीला काठ असतो, फेरा नसतो, हे खरंच होतं. मग ते अगदी हळू, शुद्ध मराठीत म्हणाले, "हा असा फेरा माणूस कधी घालतो, सूनबाई? मडकं खांद्यावर घेऊन."

मी ओल्या फडक्याने तो गोल पुसून टाकला. देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो. उलटं फिरतो ते एकाच ठिकाणी, चितेभोवती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं. पण कागदावर गोल काढताना मला तळं दिसलं, दिशा दिसल्या, सायकली दिसल्या. रोज पहाटे त्या पाण्याला हात जोडून फेरा सुरू करणारी माणसं दिसली नाहीत. आणि त्या दिवसांत कोणाला सांगायला जावं, की चला, सगळ्यांनी रोज सकाळी उलटे फेरे घालू या! तलाठी काकांनी अक्षराचं कौतुक करून वेळ मारून नेली, हा त्यांचा मोठेपणा.

आबांचा गावाकडचा एक जोडीदार मे महिन्यात गेला होता. त्याच्याभोवती कोणालाच फिरता आलं नाही, सुलटं की उलटं. आबा एवढंच म्हणाले, "मी अजून जित्ता शे." आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

गुरुवारी सकाळी मी झाडावरचा कागद काढला आणि शेठना गाठलं. चालणारे उलटे जाणार नाहीत, तर सायकली उलट्या जाऊ देत. कसंही करून समोरासमोर आलं म्हणजे झालं.

शेठ सायकलवरून उतरले. "भाभी, बाकी काय पण सांगा. मी मंदिरात रोज तीन प्रदक्षिणा घालतो. इथं रोज सहा उलट्या घातल्या, तर तिकडं बघा." त्यांनी घाटाकडे बोट केलं. पायरीवर त्यांच्या आई माळ ओढत बसल्या होत्या. "आई बघते मला. घरात घेईल का?"

"मग घंटी तरी नका वाजवू."

"घंटी नाही वाजवली तर धडकेन. वाजवली तर आबा थांबून बघतील. तुम्ही सांगा, काय करू? गाणं म्हणू?"

मी घरी आले ती हरूनच. आबांना म्हणाले, आता तुम्हीच सांगा. माझ्याकडचे सगळे आराखडे संपले. खरं म्हणजे मी हे थोडं मुद्दाम म्हणाले. पाय आखडला तरी आबांचं डोकं आखडलेलं नव्हतं आणि आठ दिवस त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त कोन मोजत होतो.

आबांनी कागद मागितला. त्यावर गोल काढला, घाटाची खूण केली, आणि घाटाच्या बरोबर समोरच्या काठाला एक फुली मारली. तिथे तळ्याचा सांडवा आहे, पावसाळ्यात जादा पाणी बाहेर जातं ती वाट.

"महादेवले पुरा फेरा कोन मारस?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही. महादेवाच्या पिंडीचं पाणी जिथून बाहेर जातं, ती वाट ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत यायचं. हे जळगाव जिल्ह्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

"बठ्ठासले सांग. सांडवापावत जावानं नि मांगे फिरानं. चालणारे या बाजूनं, सायकलवाले त्या बाजूनं. कोनी कोनाले आडवा जावाव नई."

मी कागदावर बोट फिरवून बघितलं. घाटापासून सांडव्यापर्यंत कडुनिंबाची अर्धी बाजू चालणाऱ्यांना. घाटापासून सांडव्यापर्यंत दुसरी अर्धी बाजू सायकलींना. दोन्हीकडे जायचं आणि यायचं. उलटा फेरा कोणाचाच नाही, कारण फेराच पुरा होत नाही. चालणारा आणि सायकल एका रस्त्यावर येतच नाहीत, मग समोरून काय आणि मागून काय! परीक्षा विभागात वीस वर्षं काढून मला एका वर्गाचे दोन वर्ग करायचे सुचलं नव्हतं.

"आणि ती पळणारी पोरगी?" मी विचारलं. "ती पूर्ण फेरा घेते. तोही उलटा."

आबांनी विचार केला. "तिला पोलीस व्हायचंय ना? पळू दे. त्यांना सगळं माफ असतं." मग पुढे म्हणाले, "फक्त आम्ही यायच्या आत पळायला सांग."

शुक्रवारी मी सूचनेचा नवा कागद लावला नाही. आबांनी मना केलं होतं. मी फक्त घाटावर तुळशीच्या माळेच्या आजींना सांगितलं, "आबा म्हणतात, महादेवासारखं करा." बास. पंधरा मिनिटांत ते वीसही जणांपर्यंत पोहोचलं. तलाठी काका सांडव्यापाशी गेले, थांबले, पाण्याला नमस्कार केला आणि मागे वळले. अक्षराबद्दल काही बोलले नाहीत, कारण अक्षरच नव्हतं.

शेठनी मात्र त्यांची बाजू बघून कपाळाला हात लावला. "भाभी, आमच्याकडं मुरूम. आमच्याकडं बाभळी. सावली बठ्ठी तुमच्याकडं!"

"आबांना सपाट लागतं, शेठ. पंधरा दिवसांनी बाजू बदलू."

"लिहून घ्या वहीत."

मी त्यांच्यासमोर लिहून घेतलं.

राहता राहिले ज्यांच्यासाठी हे सगळं, ते आबा. ते अजून घरीच होते. शनिवारी सकाळी मी स्टूल, बाटली, वही घेऊन तयार झाले आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून म्हणाले, "मी निघते. काही लोक सांडवा ओलांडून पुढे जातात म्हणे."

"कोण?" आबा उठून बसले.

"नावं नाही सांगत. पण जातात."

हे मी खोटं बोलले. वहीत तशी नोंद आहे. आबांनी दारामागची काठी मागितली.

पहिल्या दिवशी ते सांडव्यापर्यंत पोहोचले नाहीत. तिसऱ्या कडुनिंबापर्यंत गेले आणि स्टुलावर बसले. पण मागे एकदाही वळून बघितलं नाही, कारण मागे बघण्यासारखं काही नव्हतं. सायकलींच्या घंट्या तळ्याच्या पलीकडून पाण्यावरून ऐकू येत होत्या, देवळातल्यासारख्या.

अडचण वेगळीच उभी राहिली. आबा दिसले की माणसं थांबायची. "काय आबा, गुडघा काय म्हणतो?" "चहा झाला का?" "धुळ्याची लेक बरी?" एक थांबला की दुसरा, मग तिसरा, की अंतर संपलं. पुढे न थांबता गेलं तर आबांना वाईट वाटणार आणि जाणाऱ्यालाही. शेवटी आबांनीच खूण ठरवली. काठी एकदा उचलली की 'राम राम'. दोनदा उचलली की 'गुडघा बरा आहे, लेक बरी आहे, चहा झालाय, पुढे व्हा'. तीनदा उचलली म्हणजे 'सूनबाई, स्टूल आण'. तीनदा फारशी उचलावी लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात ते सांडव्याला पोहोचले. तिथे त्यांनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं, कोण ओलांडतंय का म्हणून. कोणीच ओलांडत नव्हतं.

"तू म्हणे लोके पुढे जातंस?"

"आज आले नाहीत वाटतं."

ते हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. मास्क होता, पण डोळ्यांवरून कळलं.

चालायला लागल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी कोनमापक एक्क्याण्णव. त्याच्या पुढच्या, नव्व्याण्णव. मुदतीचे पंधरा दिवस संपून सहा दिवस झाले होते, पण डॉक्टरांनी आकडा ऐकल्यावर दवाखान्याचा विषय काढला नाही. जुलैअखेर मी फोनवर सांगितलं, "एकशे दहा."

"मोजलं कशानं?"

"कंपासपेटीतल्या कोनमापकानं."

"परीक्षेत चालतो तो? मग खरा असेल," डॉक्टर म्हणाले. "भूल नको, काही नको. असंच चालू ठेवा. आणि हो, तिकडे कोणी आखून दिलं हे सगळं?"

"आबांनी."

मागून आबांचा आवाज आला, "तिनं नुसती फक्की आणली."

अक्काला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मीच तर सुचवलं होतं." मी वाद घातला नाही.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मास्क गेले, सहा फूट गेले, फक्कीचे बाण तर पहिल्याच पावसात गेले. ती मुलगी भरती झाली, नाशिककडे असते. पण मेहरूण तळ्यावर सकाळी गेलात तर चालणारी माणसं सांडव्यापाशी थांबून मागे फिरताना दिसतील. त्यातल्या निम्म्यांना का फिरायचं ते माहीत नाही. नवीन आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं की तसा इथे पूर्वापार रिवाज आहे. मी हो म्हणाले.

आबा अजून रोज येतात. काठी घरी ठेवून येतात. स्टूल मी आणत नाही, ते मला मागे टाकतात आणि सांडव्यावर उभे राहून माझी वाट बघतात.

गेल्या रविवारी शेठ सायकल हातात धरून, पायी, घाटापर्यंत आले. पुढच्या चाकात बाभळीचा काटा, टायर बसलेलं.

"भाभी, आबांचा गुडघा आता कसा आहे?" त्यांनी फार आपुलकीने विचारलं.

"उत्तम आहे."

"पुरा वाकतो?"

"पुरा वाकतो, शेठ."

"मग ती वही काढा."

वही पिशवीतच होती. पान शोधायला वेळ लागला नाही. 'बाजू बदलणे. पंधरा दिवसांनी.' पुढचा चौकोन रिकामा. सबबही आता उरलेली नव्हती. मी पायऱ्यांकडे वळून आबांना सांगितलं, "आबा, शेठ म्हणतात बाजू बदलू या. मुरमाची बाजू आपल्याला, सावलीची त्यांना."

आबा त्याच क्षणी घाटाच्या पाच पायऱ्या न थांबता चढून वर आले होते. त्यांनी शेठकडे बघितलं, कडुनिंबांकडे बघितलं, आणि जवळच्या कठड्यावर बसून उजवा गुडघा दोन्ही हातांनी चोळायला लागले.

तो चौकोन अजून रिकामाच आहे.